दख्खनचे हरवलेले सूचिपर्णी रान

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे सिरोंचा वसले आहे. या तालुक्यातील वडधमच्या परिसरात झाडांची दगड झालेली खोडे सापडतात. साल निघून गेलेली, तुकड्यातुकड्यांनी तुटलेली, पण लाकडाचा उभा धागा अजून ओळखू यावा अशी. प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे, त्यावरून इथल्या खडकांना कोटा शैलसमूह म्हणतात. घराघरांत बसवली जाणारी कोटा फरशी राजस्थानातल्या कोट्याची, तिचा याच्याशी संबंध नाही. हे खडक ज्युरासिक काळातले. पूर्व ज्युरासिक की मध्य, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण वय ढोबळमानाने १७-१८ कोटी वर्षांच्या घरात जाते. त्या काळी या प्रदेशात सूचिपर्णी वृक्षांचे राज्य होते. आज महाराष्ट्रात, कोकणच्या किनाऱ्यापासून मेळघाटापर्यंत आणि सह्याद्रीच्या माथ्यावरसुद्धा, आपसूक वाढणारा एकही सूचिपर्णी वृक्ष नाही. सिरोंच्याला जाणारी माणसे डायनोसॉरच्या ओढीने जातात आणि खोडे जाता जाता बघून घेतात. हा क्रम उलटा व्हायला हवा असे मला वाटते. डायनोसॉरचे हाड एका प्राण्याची हकीकत सांगते. खोडाकडे त्या प्राण्याला पोसणाऱ्या रानाची हकीकत आहे, आणि ती दुसरीकडे कुठेच नोंदलेली नाही. सूचिपर्णींचा इतिहास आज जिवंत असलेल्या झाडांवरून, त्यांच्या डीएनएवरूनही, पुरता लिहिता येत नाही. त्याची बरीच पाने फक्त दगडात आहेत.

सूचिपर्णी म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांसमोर समुद्रकाठचे सुरूचे बन येते. सुईसारखी लांब पाने आहेत, शंकूसारखी टणक फळेही आहेत, मग शंका कशाला? पण सुरू हे फुलझाडांच्या वंशातले झाड आहे. त्याच्या सुया म्हणजे पाने नव्हेत, त्या हिरव्या डहाळ्या आहेत. खरी पाने त्या डहाळीच्या प्रत्येक पेरावर इवल्याशा खवल्यांच्या कड्याच्या रूपात असतात, ती भिंगातून पाहावी लागतात. त्याचा 'शंकू' हाही अनेक छोट्या फळांचा लाकडी झुबका आहे. उलट अंगणातली मोरपंखी, जिची पाने कुणाला सुईसारखी वाटणार नाहीत, ती मात्र अस्सल सूचिपर्णी, मूळची चीनकडची. रोपवाटिकेत ख्रिसमस ट्री म्हणून विकले जाणारे झाड बहुधा प्रशांत महासागरातील बेटांवरचे अराउकेरिया असते. रूप दोन्ही बाजूंनी फसवते, म्हणून जीवाश्माचा अभ्यास करणारा रूपावर थांबत नाही, तो लाकडाची वीण पाहतो. सागाच्या आडव्या कापात नुसत्या डोळ्यांनी छिद्रे दिसतात. त्या पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नळ्या, फुलझाडांच्या लाकडाची खूण. सूचिपर्णीच्या लाकडात अशा नळ्या नसतात. तिथे एकाच घाटाच्या लांबट, अरुंद पेशी ओळीने लागलेल्या असतात आणि पाणी एका पेशीतून दुसरीत भिंतीतल्या सूक्ष्म खळग्यांतून जाते. हे खळगे कसे मांडलेले आहेत यावर पुढची ओळख ठरते. चीड-देवदाराच्या कुळात ते गोल आणि एकमेकांपासून सुटे असतात. अराउकेरियाच्या कुळात ते इतके दाटीने बसतात की दाबून षटकोनी होतात. एका खळग्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी, आणि तो १८ कोटी वर्षांनी दगडात जसाच्या तसा दिसतो.

तो दिसतो याचे कारण, लाकूड दगड 'बनते' असे आपण म्हणतो ते तितकेसे बरोबर नाही. पडलेले खोड कुजण्याआधी गाळाखाली गाडले गेले, हवा तुटली, आणि आजूबाजूच्या पाण्यात विरघळलेली सिलिका भरपूर असली, तर ती पेशींच्या भिंतींत मुरते आणि पोकळ्यांत साचते. मूळ लाकूड हळूहळू जाते, पण त्याच्या साच्यावर गारगोटीच्या जातीचा खनिज पदार्थ बसलेला असतो. असे खोड हिऱ्याच्या पात्याने तीन दिशांनी कापतात: आडवे, गाभ्यातून सालीकडे उभे, आणि सालीला समांतर उभे. काप काचपट्टीवर चिकटवून तो प्रकाश आरपार जाईल इतका घासतात. एकच काप पाहून निदान करणे म्हणजे घराची एक भिंत पाहून नकाशा काढणे. गारेत जपलेल्या शंकूंसाठी आणखी एक युक्ती आहे. घासलेला पृष्ठभाग हायड्रोफ्लुओरिक आम्लात काही क्षण धरला की सिलिका किंचित झिजते आणि पेशीभिंती केसाएवढ्या वर उरतात. त्यावर ॲसिटोन टाकून सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ कागद बसवायचा, वाळला की सोलून घ्यायचा. भिंती कागदात उतरतात. असे थरामागून थर सोलत एका शंकूच्या आतला प्रत्येक दाणा गाठता येतो. पानांची गोष्ट निराळी. त्यांचे मांस जाते, पण वरची मेणचट उपत्वचा टिकते. नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेट यांत ती स्वच्छ केली की पर्णरंध्रे मोजता येतात. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पुष्कळ जातींची पाने रंध्रे कमी धरतात, त्यामुळे ही मोजणी त्या काळच्या हवेचा अंदाजही देते. एवढी माहिती हाडातून कधी मिळत नाही.

या सगळ्या खटाटोपातून काय हाती आले, हे पाहायला चिडाचा शंकू हातात घ्यावा. प्रत्येक लाकडी खवल्याच्या वरच्या अंगाला दोन बिया असतात. खवल्याच्या खाली, बुडाशी, आणखी एक लहानसे पातळ छद, म्हणजे बदललेले पान, असते. आता हा खवला म्हणजे नेमका काय? पान म्हणावे, तर शंकू हे एक साधे फूल ठरते. पण खवला छदाच्या बगलेत उगवतो, आणि झाडांत पानाच्या बगलेतून पान येत नाही, फांदी येते. या पेचावर एकोणिसाव्या शतकापासून वनस्पतिशास्त्रज्ञ भांडत होते. जिवंत झाडे कितीही चिरली तरी निकाल लागेना, कारण जिवंत झाडांत खवला आधीच पुरता बदललेला होता. निकाल लावला स्वीडनच्या रुडॉल्फ फ्लोरिनने. युरोपातील कार्बनिफेरस काळाच्या अखेरीच्या आणि पर्मियन काळाच्या आरंभीच्या सूचिपर्णींवर त्याने जर्मनमध्ये लिहिलेला प्रबंध १९३८ ते १९४५ या वर्षांत, बराचसा महायुद्ध चालू असताना, भागाभागाने प्रसिद्ध झाला. त्या २९-३० कोटी वर्षांपूर्वीच्या शंकूंत छदाच्या बगलेत सपाट खवला नव्हता. तिथे होती एक छोटीशी डहाळी, खवल्यांसारखी पाने अंगावर असलेली, आणि त्यांतल्या एखाददुसऱ्यालाच बी लागलेले. पुढच्या काळातील व्होल्ट्झिया गटाच्या झाडांत हीच डहाळी चपटी होऊन तिची पाने बोटांसारखी जुळू लागलेली दिसतात. आणि शेवटी चिडात बोटेही मिटून एकसंध खवला उरतो. म्हणजे चिडाचा शंकू हे एक फूल नव्हे, तो दाबून बसवलेल्या कित्येक फांद्यांचा गुच्छ आहे. फ्लोरिनचे सगळे तपशील टिकले नाहीत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात हॅमिल्टनच्या खाणीत सापडलेल्या, पेशींसकट जपलेल्या शंकूंनी त्याच्या काही आकृत्या दुरुस्त केल्या, आणि त्याने एका नावाखाली घातलेली झाडे वेगवेगळी होती हेही दिसले. मूळ सिद्धान्त मात्र उभा आहे. तो कोणत्याही जिवंत झाडातून निघाला नसता.

इथे आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. फ्लोरिनच्या काळी डीएनए वाचता येत नव्हता. आता प्रत्येक जिवंत जातीची जनुके मांडून नात्यांचे झाड काढता येते, मग दगड घासत बसायचे कशाला? जनुकशास्त्राने सूचिपर्णींबद्दल काही मोठे गैरसमज दूर केले हे आधी मान्य केले पाहिजे. यू या वृक्षाला शंकू नसतो, टोकाशी एकुलते बी असते. तेवढ्यावरून फ्लोरिनने त्याला सूचिपर्णींच्या बाहेर काढले होते. डीएनएने तो परत आत आणला. नीटम या गटाचे तर सह्याद्रीत रुंद पानांचे वेल आहेत, त्यांना पाहून कुणाला चीड आठवणार नाही, पण जनुके त्यांना सूचिपर्णींच्या अगदी जवळ नेऊन बसवतात. दगडाने असे काही सांगितले नव्हते. पण डीएनए फक्त उरलेल्यांचा मिळतो. आज जगात सूचिपर्णींच्या सहाशेच्या आसपास जाती आहेत, फुलझाडांच्या सुमारे तीन लाख. ज्या वंशाची पहिली पाने इंग्लंडमधील यॉर्कशरच्या स्विलिंग्टन येथे कोळसा होऊन सुमारे ३१ कोटी वर्षे जपली गेली, त्या वंशाच्या कितीतरी शाखा मधल्या मधे संपल्या. चिरोलेपिडिएसी या कुळाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. ज्युरासिक आणि क्रेटेशस काळात, विशेषतः उष्ण व कोरड्या पट्ट्यांत, या कुळाची झाडे इतकी माजली होती की त्यांच्या क्लासोपोलिस या परागकणांनी जगभरचे खडक भरलेले आहेत. आपल्या कच्छ आणि जैसलमेरच्या ज्युरासिक खडकांतही ते भरपूर आहेत. या कुळाचा आज एकही वारस नाही. जनुकांचे कितीही अचूक झाड काढा, त्यात या कुळाची फांदी दिसणार नाही, फांदी तुटल्याची खूणही दिसणार नाही. आर्जेंटिनात पातागोनियामधील सेरो क्वाद्रादोच्या अश्मीभूत रानात दोन तऱ्हेचे शंकू सापडतात. एक स्पष्टपणे अराउकेरियाचा. दुसरा, पॅरारॉकेरिया नावाचा, कुणाचा हे अनेक दशके ठरत नव्हते. २०१२ साली त्याच्या आतल्या रचनेचा नव्याने अभ्यास झाला आणि तो याच हरवलेल्या कुळाचा निघाला. शिवाय जनुकांवरून दोन शाखा कधी फुटल्या हे काढायचे घड्याळ आपोआप चालत नाही. जनुकांतला फरक वर्षांत मोजायला कुठेतरी वय ठाऊक असलेला जीवाश्म खुंटीसारखा ठोकावाच लागतो. खुंटी चुकीच्या जागी ठोकली तर सारे घड्याळ चुकते.

ती जागा किती सरकू शकते हे २०१८ साली दिसले. मृत समुद्राच्या जॉर्डनकडील काठावर उम्म इर्ना नावाच्या पर्मियन थरांत म्युन्स्टर विद्यापीठातील संशोधकांना पोडोकार्प या सूचिपर्णी कुळाच्या डहाळ्या सापडल्या, उपत्वचेसकट. म्हणजे हे कुळ २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशाच्या आधीचे, आणि तेही विषुववृत्ताजवळच्या उष्ण मैदानातले. त्याआधी त्याचा पुरावा महाविनाशानंतरचाच होता. स्थळाबद्दलही तेच. अराउकेरिया आज फक्त दक्षिण गोलार्धात नैसर्गिकरीत्या वाढते: चिली, आर्जेंटिना, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, न्यू कॅलेडोनिया. नकाशा पाहून कुणीही म्हणेल की हे गोंडवनाचे, म्हणजे जुन्या दक्षिण महाखंडाचे, झाड. पण ज्युरासिक काळात हे कुळ यॉर्कशरमध्येही होते. उत्तरेतून ते नंतर गेले. मेटासिक्वोयाचे याच्या उलट झाले. जपानच्या शिगेरू मिकीने १९४१ साली केवळ जीवाश्मांवरून त्याला नाव दिले, आणि त्याच दशकात चीनमध्ये ते जिवंत सापडले. अशा झाडांना 'जिवंत जीवाश्म' म्हणण्याची पद्धत आहे. मला हा शब्द मान्य नाही. त्यातून असे वाटते की झाड थांबले आणि काळ पुढे गेला. जे उरले आहे ते एका मोठ्या, बदलत्या पसाऱ्यातले एखादे टोक असते, आणि पसारा कसा होता हे त्या टोकाला विचारून कळत नाही.

दुसरा आक्षेप जीवाश्मांच्या अभ्यासकांवरचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. झाड सबंध सापडत नाही. खोड एका थरात, पान दुसऱ्यात, शंकू तिसऱ्यात, पराग सगळीकडे. प्रत्येक सुट्या भागाला स्वतंत्र लॅटिन नाव मिळते, आणि एकाच झाडाची चार नावे होऊन यादी फुगते. यावर उपाय एकच, भाग जोडून दाखवणे. तो झाला की काय होते याचे थोर उदाहरण चार्ल्स बेक यांनी १९६० साली दिले. कॅलिझायलॉन हे लाकूड सूचिपर्णीसारखे, आर्किऑप्टेरिस हे पान नेच्यासारखे. दोन्ही डेव्होनियन काळाच्या उत्तरार्धातली, आणि दोन भिन्न वर्गांत घातलेली. बेक यांना दोन्ही एकमेकांना जोडलेली सापडली. सूचिपर्णीचे लाकूड असलेला, पण बीऐवजी बीजाणूंनी पसरणारा वृक्ष कधीकाळी होता हे तेव्हा कळले. अशी जोड आजच्या कोणत्याच झाडात नाही. आपल्याकडे बिरबल साहनींनी झारखंडातील राजमहाल टेकड्यांमध्ये निपानिया येथे सापडलेल्या खोड, पान आणि बीजधारी अवयवांतून पेंटोक्सिली हा गटच १९४८ साली उभा केला. तो सूचिपर्णी नव्हे, पण पद्धत तीच, आणि ती धीराची पद्धत आहे. सिरोंच्याच्या खोडांना हाच धीर लागू केला पाहिजे. दाट, षटकोनी खळग्यांचे लाकूड दिसले की ते 'अराउकेरियाचे' म्हणण्याचा मोह होतो. पण तशाच विणीचे लाकूड त्या काळच्या इतर नामशेष गटांतही होते, म्हणून जाणकार आता त्याला अगाथोझायलॉन असे केवळ लाकडापुरते नाव देतात. खोडावर फलक लावायचा झाला तर त्याने एवढेच म्हणावे. शंकू किंवा जोडलेले पान मिळेपर्यंत झाडाचे कूळ सांगणे म्हणजे पुराव्यापुढे धावणे.

तिसरा आक्षेप खास सिरोंच्याबद्दलचा. ही खोडे उभी नाहीत, आडवी आहेत. पुराने कुठून तरी वाहून आणली असतील, मग त्यांना रान का म्हणायचे? याचे उत्तर याच तालुक्यातील पोचमपल्लीजवळच्या डायनोसॉरच्या थरात आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूशास्त्रज्ञांनी १९५८ नंतरच्या काही वर्षांत तिथे केलेल्या उत्खननात सुमारे ३०० हाडे निघाली, निदान सहा प्राण्यांची. १९७५ साली त्या प्राण्याला बारापासॉरस टागोराय हे नाव मिळाले. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय, आणि टागोराय कारण उत्खननाच्या काळातच रवींद्रनाथांची जन्मशताब्दी होती. त्या हाडांबरोबर त्याच थरात मोठमोठी अश्मीभूत खोडे पडलेली होती. पुराने प्राणी आणि झाडे एकत्र वाहत आणून टाकली, असा त्याचा अर्थ लावला जातो. खोडे वाहून आली हे खरे. पण पुराची नदी झाडे आपल्याच पाणलोटातली उपटते, त्यामुळे ही खोडे त्याच खोऱ्यातील रानाचा नमुना आहेत. उभ्या बुंध्यांच्या रानात दोन झाडांतले अंतर मोजता येते, ते इथे साधणार नाही, एवढी मर्यादा मानावी. उलट एक फायदाही होतो. गाळात आपोआप जपली जातात ती बहुधा पाणथळ जागेतली झाडे. उंचावरची, कोरड्या जमिनीवरची क्वचितच मिळतात, आणि सूचिपर्णींचा आरंभीचा इतिहास विरळ आहे तो याचमुळे. पूर तेवढा उंचावरचे झाड खाली आणून देतो. आता त्या मोठ्या पायाच्या प्राण्याने खाल्ले काय असेल, या प्रश्नाकडे वळा. २००८ साली जर्मन संशोधकांनी आजच्या नेचे, सूचिपर्णी वगैरे वनस्पती कृत्रिम जठरासारख्या नळ्यांत आंबवून पाहिल्या. अराउकेरियाची पाने सावकाश पण दीर्घकाळ आंबत राहिली आणि अखेरीस चांगली ऊर्जा देऊन गेली. पोडोकार्पची पाने फारच निकृष्ट ठरली. बारापासॉरसच्या पोटात काय होते याचा हा पुरावा नव्हे. पण कोणत्या कुळाची झाडे किती होती, हे लाकडावरून नीट ठरवले तर डायनोसॉरची उपजीविका सांगणे सोपे होईल, हे मात्र यातून ठरते. हाडांचा प्रश्न खोडांपाशी येऊन थांबतो.

मग हे रान गेले कुठे? महाराष्ट्राचे आणि लगतच्या मुलखाचे भाग्य असे की या प्रश्नाची पुढची पाने इथेच सापडतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे क्रेटेशस काळाच्या अखेरीच्या डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा मिळते. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, बिरबल साहनींचे पुतणे अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्या विष्ठेतले वनस्पतींचे सूक्ष्म सिलिकाकण तपासले. जगभर बातमी झाली ती त्यातल्या गवताची, कारण गवत इतके जुने असेल असे कुणाला वाटत नव्हते. त्याच विष्ठेत पाम आणि द्विदल झाडांबरोबर सूचिपर्णींचेही अवशेष होते, तिकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. त्याच्या पुढचे पान नागपूरचे. दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक पसरत असताना मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळातली झाडे गारेत जपली गेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नागपूरजवळच्या टाकळीचे असे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी गोळा करून १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची माहिती दिली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचे, तेच हे हिस्लॉप. १८६३ साली टाकळघाटच्या बाजूला पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. टाकळीच्या शंकूंचा शास्त्रीय अभ्यास बिरबल साहनींनी १९३१ साली प्रसिद्ध केला, आणि त्यातल्या एकाला त्या गावावरून टाकलिओस्ट्रोबस असे नाव दिले. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँच्या गारांवर पुढे नागपूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवणाऱ्या डॉ. श्यामला चितळे यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि मग अमेरिकेत क्लीव्हलंडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पुरावनस्पतींचा विभाग उभा केला. या गारांत सूचिपर्णी आहेत, पण थोडे. गर्दी आहे ती पामांची आणि फुलझाडांची.

रान लाव्हाने जाळले, असे उत्तर सुचते आणि ते आकर्षक आहे. मला ते पटत नाही. टाकळीचे शंकू लाव्हाच्या थरांमधल्या तळ्यांतले आहेत, म्हणजे ज्वालामुखी चालू असतानाही ही झाडे आसपास होती. आणि लाव्हा येण्याआधीच, पिसदुऱ्याच्या काळात, ती मिश्र रानात इतरांबरोबर राहू लागलेली होती. भारत विषुववृत्ताच्या दिशेने सरकला, उष्णता सोसली नाही, हेही अपुरे आहे, कारण पोडोकार्प कुळ आजही उष्ण कटिबंधाच्या दमट अरण्यांत तग धरून आहे. २०२० साली फाबियाँ कॉन्दामिन आणि सहकाऱ्यांनी जीवाश्म आणि जनुके एकत्र तपासून असे मांडले की फुलझाडांचा उदय आणि सूचिपर्णींच्या जाती नामशेष होण्याचा वेग यांचा थेट संबंध दिसतो. दख्खनचा पुरावा याच बाजूला झुकतो असे मी म्हणेन: जागा आधी फुलझाडांनी घेतली, लाव्हा नंतर आला. एक सावधगिरी मात्र हवी. तळ्याच्या गाळात तळ्याकाठची झाडे जास्त येतात. टेकड्यांवर सूचिपर्णी अजून दाट असतील आणि गारेत उतरले नसतील. ही शंका परागकणांच्या कसून मोजणीनेच मिटेल.

देवदार आणि चीड हे या रानाचे वारस नव्हेत, हेही सांगितले पाहिजे, कारण शाळेतल्या नकाशावर भारताचे सूचिपर्णी म्हणजे हिमालय एवढेच मनावर ठसते. चिडाचे कूळ मुळात उत्तर गोलार्धाचे. भारतभूमी आशियाला धडकून हिमालय उंचावला, त्यानंतर ते तिथे पसरले. सिरोंच्याच्या खोडांची सोयरीक, नेमके कूळ ठरले नसले तरी, दक्षिणेकडे जाते, अराउकेरिया आणि पोडोकार्प यांच्या मुलखाकडे. त्या जुन्या दाक्षिणात्य कुळांपैकी एकच झाड भारतीय द्वीपकल्पात आज आपसूक वाढते: पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील नाजिया वॉलिचियाना. त्याची पाने रुंद आणि चपटी आहेत, फुलझाडांच्या दाट सावलीत प्रकाश टिपायला सोयीची. ते नव्याने येऊन इथे रुजले की जुन्या रानातून टिकले, याचा निकाल मधल्या काळातले जीवाश्मच देतील.

म्हणून वडधमच्या खोडांकडे शोभेचे दगड म्हणून पाहणे परवडणारे नाही. खोडाचे मोल ते कोणत्या थरात, कोणत्या दिशेला पडलेले, शेजारी काय होते यावर ठरते. उचलून दिवाणखान्यात ठेवलेल्या तुकड्यात पेशी तशाच असतात, पण तो कुठल्या काळच्या कुठल्या पुराने आणला हे कायमचे पुसले जाते, आणि मग त्याचा एकही काप कसला पुरावा म्हणून उभा राहू शकत नाही. नागपूर-छिंदवाड्याच्या शेतांत बांधावर पडलेल्या गारांनाही हेच लागू आहे. सिरोंच्याला जरूर जा. खोडापाशी बसा, भिंग असेल तर लाकडाची वीण पाहा, छायाचित्र घ्या. शेतात गार सापडली आणि तीत शंकूसारखे काही दिसले, तर ती फोडू नका, जागेची खूण करून ठेवा आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा. तुकडा मात्र जिथे आहे तिथेच राहू द्या.